कोटवाराच्या वर्दीपासून जीपीएसपर्यंत : गाडीवरील गुप्त पाळत आणि खासगीपणाचा इतिहास

प्रस्तावना

रायपूरच्या रस्त्यांवर रेशनचा तांदूळ वाहून नेणारे पिवळ्या रंगाचे ट्रक तुम्ही पाहिले असतील. छत्तीसगडने २००४ नंतर आपली सार्वजनिक वितरण व्यवस्था सुधारायला घेतली, तेव्हा धान्याचे ट्रक लांबूनही ओळखू यावेत म्हणून पिवळे रंगवले गेले. ट्रक गोदामातून निघाला की नाव नोंदवलेल्या नागरिकांच्या मोबाइलवर संदेश जाऊ लागला. पुढे या वाहतुकीला जीपीएसचीही जोड मिळाली. वाटेत तांदूळ गायब होऊ नये, हा यामागचा हेतू. सरकारच्या मालावर नागरिकाची नजर राहावी, यासाठी ही सोय होती.

आता याच्या उलट स्थिती कल्पून पाहा. तेच उपकरण एका नागरिकाच्या मोटारीखाली, त्याला न सांगता, पोलिसांनी चुंबकाने चिकटवले आहे. मोटार कुठे गेली, किती वेळ थांबली, परत कधी आली, हे सगळे एका कार्यालयातील पडद्यावर दिसते आहे. उपकरण तेच, उपग्रहही तेच. पण कोण कोणावर नजर ठेवतो आणि ज्याच्यावर नजर आहे त्याला ते माहीत आहे की नाही, या दोन गोष्टींमुळे प्रश्न पूर्ण बदलतो.

या पाठात आपण त्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. पाळत ठेवणे ही गोष्ट नवी नाही. रायपूर ज्या राज्यव्यवस्थांचा भाग होते, त्या प्रत्येकीत पाळतीची काही ना काही पद्धत होती, आणि भारतातील खासगीपणाच्या हक्काचा एक महत्त्वाचा खटला तर याच प्रदेशाला लागू असलेल्या पोलीस नियमांवरून लढला गेला. पाठाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो : जुन्या काळी नागरिकाचे संरक्षण कायद्याने जेवढे केले, त्याहून अधिक पाळतीच्या खर्चाने केले. नव्या यंत्राने तो खर्च जवळजवळ नाहीसा केला. म्हणून जे काम पूर्वी खर्च करत होता, ते आता कायद्याला करावे लागेल.

१. माग, कोटवार आणि वर्दी

दख्खनमध्ये आणि गुजरातेत चोरी झाली की पावलांचे किंवा जनावरांच्या खुरांचे ठसे पाहत माग काढण्याची रीत होती. माग एखाद्या गावाच्या शिवेत शिरला की तो पुढे नेऊन देण्याची जबाबदारी त्या गावाची. माग पुढे निघाला नाही, तर नुकसान भरून देण्याचा बोजाही त्याच गावावर पडे. ही पाळत गुन्हा घडल्यानंतरची होती, एका विशिष्ट चोरीपुरती होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालत होती. ही तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. पुढे ती एकेक करून गळून पडलेली दिसतील.

छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. १८१८ मध्ये तिथला कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला आणि कॅप्टन ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला व त्याची राजधानी नागपूर ठरली. म्हणजे जवळजवळ एक शतक रायपूरचा आणि विदर्भाचा कारभार एकाच राजधानीतून चालला. १८६१ हेच वर्ष पोलीस कायद्याचेही आहे. या कायद्याने आजच्या पोलीस यंत्रणेचा पाया घातला आणि सरकारला पोलिसांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला.

या यंत्रणेची खेड्यातील शेवटची कडी म्हणजे कोटवार. महाराष्ट्रातील वाचकांना गावचा कोतवाल माहीत असतो, त्याचेच हे छत्तीसगडी भावंड. गावातील जन्म-मृत्यू, भांडणतंटे, अनोळखी माणसे, यांची वर्दी ठाण्याला देणे हे त्याचे काम. दवंडी देणाराही तोच. १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेतही कोटवाराच्या नेमणुकीची तरतूद कायम राहिली. ठाण्यातील अधिकाऱ्याला ज्या माणसावर नजर ठेवायची असे, त्याच्या येण्याजाण्याची खबर कोटवाराकडून मिळे. पण कोटवार त्याच गावचा असे. तो कोणाच्या दारासमोर उभा आहे, हे गावाला दिसत असे. तो झोपत असे, आजारी पडत असे, कधी शेजारधर्म म्हणून डोळेझाकही करत असे. पाळतीला अशा मानवी मर्यादा होत्या.

२. हजेरी आणि पास

सगळ्यांच्या वाट्याला एवढी सौम्य पाळत आली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः संशयित ठरवले. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह देशभर नेली. बोटांचे ठसे घेणे, ठरावीक वेळी पोलिसांसमोर हजेरी देणे, मुक्काम बदलला किंवा घराबाहेर राहायचे असले की कळवणे, अशी बंधने या समाजांवर लादता येऊ लागली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अशा अनेक कुटुंबांच्या पिढ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या विषयासाठी या कायद्याचे महत्त्व असे : प्रवासाची नोंद ठेवणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्त समाजांनी अनुभवातून जाणले होते. कोणी मारहाण केली नाही, तुरुंगात टाकले नाही, फक्त ‘कुठे चाललास’ एवढेच रोज विचारले, तरी माणसाचे जगणे आकसते. बाजाराला जाणे, नातेवाइकांकडे लग्नाला जाणे, कामाच्या शोधात दुसऱ्या तालुक्यात जाणे, या प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागला की माणूस हळूहळू त्या गोष्टी टाळू लागतो.

३. खरक सिंग : पुढे धावणारी चौकशीची चिठ्ठी

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली, पण पोलिसांची जुनी नियमपुस्तके तशीच राहिली. त्यांना पहिले मोठे आव्हान उत्तर प्रदेशातून मिळाले. खरक सिंग यांना १९४१ मध्ये एका दरोड्याच्या प्रकरणात पकडले होते, पण पुरावा नसल्याने सोडून देण्यात आले. तरीही पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री दार ठोठावत. ते गाव सोडून जाणार असले की कुठे जाणार हे कळवावे लागे, आणि तिथल्या ठाण्याला आधीच चौकशीची चिठ्ठी पोचलेली असे. म्हणजे माणसाच्या पुढे त्याची नोंद धावत असे. कागदाच्या युगातली ही वाहन-पाळतच म्हणता येईल.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. रात्री घरी जाऊन तपासणी करण्याचा नियम घटनाबाह्य ठरला. बाकीचे नियम मात्र चार विरुद्ध दोन अशा मतांनी टिकले. बहुमताचे म्हणणे असे की, माणसाच्या हालचालींवर नुसती नजर ठेवल्याने त्याच्या फिरण्यात अडथळा येत नाही, आणि खासगीपणा हा घटनेत लिहिलेला मूलभूत हक्क नाही. या बहुमतात अमरावतीच्या प्रसिद्ध मुधोळकर घराण्यातील न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर हेही होते.

न्या. सुब्बा राव यांनी आणि त्यांच्यासोबत न्या. शहा यांनी वेगळे मत नोंदवले. सुब्बा राव यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : पायात बेडी नाही म्हणून माणूस मोकळा आहे असे होत नाही. आपण जिथे जाऊ तिथे कोणाची तरी नजर आहे हे माहीत असलेला माणूस मोकळेपणाने फिरत नसतो. वैयक्तिक स्वातंत्र्यात खासगीपणा येतोच. हे मत तेव्हा अल्पमत होते. पंचावन्न वर्षांनी तेच कायदा बनले.

४. गोबिंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य

आता आपण रायपूरकडे परत येऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे छत्तीसगड राज्य होईपर्यंत रायपूरच्या ठाण्यांना मध्य प्रदेश पोलीस नियम लागू होते. त्यातले ८५५ आणि ८५६ हे दोन नियम आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत.

नियम ८५५ कोणावर पाळत ठेवायची ते सांगतो. नियम ८५६ कशी ठेवायची ते सांगतो : माणसाची कीर्ती, सवयी, संगत, मिळकत, खर्च आणि धंदा यांची वेळोवेळी चौकशी, दिवसा-रात्री अनियमित वेळी घरी भेटी, तो घरात नसेल तेव्हा घरावर आणि घराकडे येणाऱ्या वाटांवर गुप्त पहारा, कोटवाराने त्याच्या येण्याजाण्याची वर्दी देणे, ती वर्दी खरी आहे का याची पडताळणी, आणि हे सगळे हिस्ट्रीशीटमध्ये जमा करणे. ही यादी नीट वाचा. आजचे गुप्त यंत्र यातली बरीच कामे एकट्याने करते.

गोबिंद नावाच्या नागरिकाने या नियमांना थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पोलिसांनी खोटे गुन्हे नोंदवून आपली हिस्ट्रीशीट उघडली आणि वारंवार घरी येऊन त्रास दिला, अशी त्याची तक्रार होती. १८ मार्च १९७५ रोजी न्या. के. के. मॅथ्यू यांनी न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. गोस्वामी यांच्या वतीने निकाल दिला. नियम पोलीस कायद्याखाली केलेले असल्याने त्यांना कायद्याचे बळ आहे, म्हणून ते रद्द झाले नाहीत. गोबिंद खटला हरला. पण निकालातील विचार महत्त्वाचा ठरला. खासगीपणा हा मूलभूत हक्कांमधून निघणारा हक्क आहे असे गृहीत धरून न्यायालयाने म्हटले की, तो मर्यादित करायचा तर राज्याचे तितकेच निकडीचे हित दाखवावे लागेल. पाळत फक्त अशाच माणसावर ठेवता येईल, ज्याच्याविषयी तो गुन्हेगारी जीवनच जगणार असे मानायला ठोस आधार आहे. हे जुने नियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, तेव्हा सरकारने त्यांचा फेरविचार करावा, असा सल्लाही दिला.

तीनच महिन्यांनी, २५ जून १९७५ रोजी, आणीबाणी जाहीर झाली. सल्ला देऊन सोडून दिलेल्या मर्यादा किती कमकुवत असतात, हे त्या काळाने दाखवले. पुढे पंजाबमधील मलक सिंग खटल्यात न्यायालयाने पुन्हा सांगितले की, पाळतीच्या नोंदवहीत नाव घालण्याला वाजवी आधार लागतो आणि पाळत माणसाच्या सन्मानाला धक्का लावणारी असू नये.

५. यंत्राने नेमके काय बदलले?

उपकरणाची रचना साधी आहे. आकाशातील किमान चार उपग्रहांकडून येणारे संकेत ते पकडते आणि त्यांच्या वेळेतील फरकावरून स्वतःची जागा ठरवते. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे कळत नसते. धोका पुढच्या टप्प्यात असतो : उपकरणातील सिमकार्ड ती जागा मोबाइल जाळ्यातून दूरच्या संगणकाकडे पाठवते. काही उपकरणे मोटारीच्या बॅटरीला जोडतात, काही स्वतःच्या बॅटरीवर चालतात आणि चेसिसला चुंबकाने चिकटतात.

आता साधा हिशेब करा. एका मोटारीवर माणसांकरवी चोवीस तास पाळत ठेवायची तर दोन वाहने, प्रत्येक वाहनात दोन माणसे आणि दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे बारा माणसे लागतात. कोणताही पोलीस अधीक्षक बारा माणसे फार महत्त्वाच्या कारणाशिवाय एका मोटारीमागे लावणार नाही. मनुष्यबळाची टंचाई हीच नागरिकाची ढाल होती. यंत्राला पगार, झोप, सुट्टी काही लागत नाही. बारा माणसांच्या खर्चात असंख्य मोटारींचा माग ठेवता येतो. त्यामुळे ‘याच्यावर पाळत ठेवण्याइतके कारण आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची सक्तीच संपते.

दुसरा बदल साठवणुकीचा. समजा, रायपूरची एक मोटार तीन आठवडे यंत्राखाली आहे. ती दर गुरुवारी राजनांदगाव, देवरीमार्गे नागपूरला जाते आणि एका कर्करोग रुग्णालयासमोर चार तास थांबते. दोनदा ती बिलासपूरला उच्च न्यायालयाच्या आवारात जाते. एका रात्री ती एका वसाहतीत पहाटेपर्यंत उभी असते. रविवारी ती एका कामगार संघटनेच्या कार्यालयापाशी दिसते. यातली प्रत्येक नोंद रस्त्यावरच्या कोणालाही दिसू शकली असती. पण सगळ्या एकत्र आल्या की आजार, खटला, नातेसंबंध आणि राजकीय मत, असे चारही विषय उघडे पडतात. एकही शब्द न ऐकता माणूस वाचला जातो.

तिसरे म्हणजे, यंत्र मोटार ओळखते, माणूस नाही. मोटार पत्नी चालवत असेल, मुलगा चालवत असेल किंवा शेजाऱ्याने उसनी नेली असेल. संशय एकावर असतो, नोंद सगळ्यांची होते. कोटवार निदान माणूस बघून वर्दी देत होता.

६. उघड नोंद आणि गुप्त नोंद

येथे एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण परीक्षेतील उत्तरांत तो अनेकदा गोंधळला जातो. वाहनाचा माग ठेवणारे प्रत्येक सरकारी यंत्र म्हणजे गुप्त पाळत नव्हे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर प्रवासी वाहनांतील महिलांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ एच हा नियम घालून बस, टॅक्सी यांसारख्या सार्वजनिक वाहनांत स्थान कळवणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण बसवण्याची तरतूद झाली. नव्या वाहनांना ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. हे उपकरण मालकाला माहीत असते, त्यामागे राजपत्रातील नियम असतो आणि उद्देश जाहीर असतो.

फास्टॅगची गोष्ट थोडी निराळी आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलनाक्यांवर सक्तीचा झाला. त्याचा हेतू पैसे भरणे हा असला, तरी नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावरचा प्रत्येक टोलनाका तुमच्या वाहनाची वेळेसह नोंद करतोच. रायपूर स्मार्ट सिटीच्या ‘दक्ष’ नियंत्रण केंद्रात चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची चित्रे येतात. ही यंत्रणाही उघड आहे. येथे विचारायचा प्रश्न असा : एका कामासाठी जमवलेली नोंद दुसऱ्या कामासाठी, कोणाच्या परवानगीने आणि किती दिवस वापरता येते? गुप्त यंत्राच्या बाबतीत याही आधीचा प्रश्न येतो : ते लावण्याचा अधिकार कोणी दिला?

७. इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत हा प्रश्न एका जीपमुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. अमली पदार्थांच्या संशयावरून पोलिसांनी अँटॉइन जोन्स याच्या वापरातील, त्याच्या पत्नीच्या नावावर असलेल्या वाहनाला जीपीएस उपकरण लावले. न्यायालयाचे वॉरंट होते, पण ते वॉशिंग्टन शहरापुरते आणि दहा दिवसांचे. उपकरण अकराव्या दिवशी, शेजारच्या मेरीलँड राज्यात लावले गेले. २८ दिवस माग घेतल्यावर दोन हजारांहून अधिक पानांची नोंद जमा झाली. २३ जानेवारी २०१२ रोजी सर्व नऊ न्यायमूर्तींनी हे घटनेविरुद्ध ठरवले, मात्र कारणे वेगवेगळी दिली. न्या. स्कालिया यांनी दुसऱ्याच्या मालमत्तेवर वस्तू चिकटवण्यावर बोट ठेवले. न्या. अलिटो यांनी दीर्घकाळच्या नोंदीवर भर दिला. न्या. सोटोमायोर यांनी यंत्राच्या स्वस्ताईचा आणि गुप्ततेचा मुद्दा मांडला. आज तिथल्या संघीय नियमांनुसार असे वॉरंट मिळाल्यावर दहा दिवसांत उपकरण लावावे लागते, एका वेळी ४५ दिवसांपर्यंतच ते वापरता येते आणि वापर संपल्यावर संबंधिताला कळवावे लागते. कळवणे न्यायाधीशांच्या परवानगीने लांबवता येते.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २ सप्टेंबर २०१० च्या उझुन विरुद्ध जर्मनी निकालात उलटा निष्कर्ष काढला. बॉम्बस्फोटांच्या तपासात संशयिताच्या साथीदाराच्या मोटारीत जीपीएस बसवले होते. हा खासगी जीवनातील हस्तक्षेप आहे, पण त्याला कायद्याचा आधार होता, गुन्हा गंभीर होता आणि इतर मार्ग आधी वापरून झाले होते, म्हणून तो क्षम्य ठरला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळते, दोन्हीकडे वाद यंत्र वापरावे की नाही यावर नसून कोणत्या अटींवर वापरावे यावर आहे.

८. पुट्टस्वामी निकाल आणि आजची पोकळी

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. खरक सिंग निकालातील विरुद्ध भाग रद्द झाला आणि सुब्बा राव यांच्या जुन्या भिन्नमताला मान्यता मिळाली. या पीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे मराठी न्यायमूर्ती होते. हक्कावर मर्यादा घालायची तर काय लागते, याची कसोटी या निकालातून मिळाली : आधी कायदा हवा, मग योग्य उद्देश हवा, उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, आणि दुरुपयोग रोखणारी कार्यपद्धती हवी.

या कसोटीची पहिली पायरीच गुप्त वाहन-यंत्राच्या बाबतीत डळमळते. फोन ऐकण्यासाठी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात कलम होते. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती अशा अटी घातल्या. त्या अटींच्या बळावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. मोटारीला यंत्र लावण्यासाठी मात्र न्यायाधीशाची परवानगी, मुदत आणि नंतरची सूचना ठरवून देणारे स्वतंत्र कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही गुन्ह्यांच्या तपासाला आणि अधिसूचित सरकारी संस्थांना मोठ्या सवलती आहेत.

पुराव्याच्या कायद्यामुळे ही पोकळी आणखी रुंदावते. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून आपल्याकडे तत्त्व असे की, पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही. त्यामुळे नियम मोडून मिळवलेली नोंदही न्यायालयात येऊ शकते, आणि नियम पाळण्याचे प्रोत्साहन कमी होते.

अलीकडचा एक निकाल मात्र दिशा दाखवतो. दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातील एका परदेशी आरोपीला जामीन देताना गूगल नकाशावर आपले स्थान तपास अधिकाऱ्याला दिसत राहावे अशी अट घातली होती. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती काढून टाकली. आरोपीची प्रत्येक हालचाल पोलिसांना सतत पाहता यावी अशी अट खासगीपणाचा भंग करते, असे त्यांनी म्हटले. विचार करा : आरोपीला माहीत असलेली, न्यायालयाने घातलेली उघड अटसुद्धा टिकली नाही. मग ज्याच्यावर आरोपही नाही, त्याच्या मोटारीवरील गुप्त यंत्र कोणत्या आधारावर टिकेल?

गुप्ततेचा प्रश्न छत्तीसगडने आणखी एका प्रकरणात अनुभवला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर व्हॉट्सॲपद्वारे पेगासस हेरसॉफ्टवेअरने लक्ष्य केलेल्यांची नावे पुढे आली, त्यांत छत्तीसगडमध्ये काम करणारे वकील आणि मानवाधिकार कार्यकर्तेही होते. राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये चौकशीसाठी समिती नेमली. या लोकांना आपण लक्ष्य आहोत हे कळले, ते एका खासगी कंपनीने कळवले म्हणून. कोणत्याही सरकारी नियमाने ती सूचना त्यांना मिळाली नव्हती. ज्याला पाळत ठाऊकच नाही, तो न्यायालयात दाद मागणार तरी कशी?

९. समारोप

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ओडिशाकडून महासमुंद-रायपूरमार्गे पश्चिमेकडे जाणारा गांजा पोलीस वारंवार पकडतात. बस्तरमध्ये सुरक्षा दलांनी दीर्घ काळ हिंसक संघर्षाला तोंड दिले. अपहरण झालेल्या मुलाचा शोध लागत असेल, तर मोटारीवरचे यंत्र कोणालाही हवेच वाटेल. त्यामुळे सरसकट बंदी हे उत्तर नाही.

उत्तर चार प्रश्नांत आहे. यंत्र लावण्याआधी तपासाबाहेरच्या कोणाला, शक्यतो न्यायाधीशाला, कारण सांगावे लागते का? ते काढण्याची तारीख ठरलेली आहे का? जमलेली नोंद कोण पाहतो आणि केव्हा पुसली जाते? आणि काम संपल्यावर त्या नागरिकाला कळवले जाते का? रेशनच्या पिवळ्या ट्रकच्या बाबतीत यंत्रामागचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नागरिकाच्या मोटारीच्या बाबतीत ते निदान एका स्वतंत्र अधिकाऱ्याला आधी आणि त्या नागरिकाला नंतर ठाऊक असावे, एवढीच ही मागणी आहे. १९७५ मध्ये न्यायालयाने नियमांचा फेरविचार करायला सांगितले, तेव्हा वर्दी कोटवार देत होता. आता ती यंत्र देते, आणि तो फेरविचार अधिक निकडीचा झाला आहे.

स्वाध्याय

१. खरक सिंग निकालातील बहुमत आणि न्या. सुब्बा राव यांचे भिन्नमत यांची तुलना करा.
२. मध्य प्रदेश पोलीस नियम ८५६ मधील पाळतीच्या कोणत्या पद्धती आज एक यंत्र पार पाडू शकते? कोणत्या नाही?
३. ‘पाळतीचा खर्च हेच नागरिकाचे संरक्षण होते.’ गुन्हेगार जमाती कायद्याचा अनुभव या विधानाला पुष्टी देतो की छेद देतो? चर्चा करा.
४. जोन्स आणि उझुन या निकालांचे निष्कर्ष वेगळे असूनही त्यांत समान काय आहे?
५. गुप्त वाहन-पाळतीसाठी छत्तीसगड किंवा महाराष्ट्र विधानसभेने कायदा करायचे ठरवल्यास त्यात कोणत्या पाच तरतुदी असाव्यात? प्रत्येक तरतुदीमागचे कारण पुट्टस्वामी निकालाच्या कसोटीवर लिहा.